दादाला वरण-भात शिकवणारी आत्या

माझ्या बापाला सत्तराव्या वर्षी वरण-भात शिकवणारी बाई परवा गेली.

गंगूआत्या. बापाला आम्ही दादा म्हणतो; त्याची थोरली बहीण, राहायला उमरीला. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली.

दोन वर्षांपूर्वी आमची माय गेली आणि हदगावच्या घरात दादा एकटा उरला. मी नांदेडला, नोकरीवर. रोज फोन करायचो.

"दादा, बरं हाय ना?"

"हाव. मस्त."

मला काय, तेवढ्यावर निवांत!

मस्त कसलं, डोंबल. दोन महिने हा माणूस चहा-बिस्किटावर होता. आणि गोळ्या? आयुष्यभर माय सकाळी बीपीची गोळी हातावर ठेवायची, हा गिळायचा. गोळीचा रंगसुद्धा कधी बघितला नव्हता. माय गेल्यावर डब्यात हाताला लागतील त्या खात राहिला.

त्या मायच्या शुगरच्या होत्या!

बसस्टँडवर चक्कर येऊन पडला, तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

आत्या दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हजर. आधी मला झापलं, मग दादाला.

"पारावर ईस दोस्त बसतेत तुझे. एकानं तरी इचारलं का रं, जेवलास का म्हणून?"

"गडी माणसं असलं इचारत न्हाईत, अक्का."

"मंग दोन दोन घंटे बोलता तरी काय?"

"राजकारण."

आत्यानं कपाळावर हात मारला.

महिनाभर राहिली. कुकरच्या शिट्ट्या किती, मीठ किती, फोडणी कधी. बीपीच्या पाकिटाला लाल दोरा बांधून दिला. माझी बायको सुट्टीला आली आणि मदतीला उठली, तर म्हणे, "तू बस गं. करू दे त्याला."

आणि दादा शिकला. खरंच शिकला.

पण आत्या, तुझं काय?

सहा महिने तुझं पोट दुखत होतं. अख्ख्या गल्लीची दुखणी तुला पाठ, स्वतःचं एकालाही सांगितलं नाहीस. दवाखान्यात दादा तुझ्यावर किती चिडला, "मला शिकवलीस, अन् सोताचं?"

तू हसून म्हणालीस, "मला कुणी इचारलंच न्हाई रं."

खरं होतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं. याची लाज मला जन्मभर पुरेल.

परवा माती झाली. तीन दिवस आत्याच्या घरी चूल पेटत नाही, माहेरच्यांनी डबा न्यायचा असतो. स्वयंपाक आमच्या बायकाच करतात. काल दादानं कुणाला हात लावू दिला नाही. वरण-भात स्वतः केला, डबा मांडीवर घेऊन उमरीला आला, सगळ्यांना वाढला.

आत्याची म्हातारी जाऊ कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. दादा तिच्यापुढं जाऊन उकिडवा बसला.

"सरूबाई, जेवलाव का? अन् सकाळची गोळी घेतली का?"

ती बघतच राहिली. मग हळूच मान हलवली. न्हाई.

दादानं तिच्या ताटात भात वाढला आणि गोळी शोधायला उठला.

आत्या, तुझा विद्यार्थी पास झाला गं.

आता तू निवांत झोप. कुणाला विचारायला उठू नकोस.