आईला लागलेली छुहीची चटक

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर आईला घरी आणलं, तेव्हा दवाखान्याचा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे विजेच्या बिलापासून बँकेच्या पत्रापर्यंत सगळं इंग्रजी माझ्याच हातात येतं. बाबा आणि आत्या पलंगाशेजारी उभे होते. काही शब्द मला समजले नाहीत, पण अडखळायची लाज वाटली. ते मी गाळले आणि पुढे गेले. "ह्या गोळ्या तीन महिने," मी सांगितलं. आत्या म्हणाली, "पाहा, पोरीले शिकवलं तं कामी आलं."

होळीपर्यंत आईने गोळ्या घेतल्या. मग मीच त्या डब्यातून काढून टाकल्या.

आईची साखर उतरली, गुडघे दुखायचे थांबले. पण जेवणाचं सगळं उलटंपालटं झालं. जिचा गोळाभात खायला चार घरची माणसं यायची, तिला फोडणीचा वास आला की ती पदर नाकाला लावून अंगणात जायची. चहाला लोखंडाची चव येते म्हणायची. दोन घास वरण आणि थोडं दही, एवढंच तिचं जेवण. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की चवी बदलतील, म्हणून आम्ही घाबरलो नाही.

दिवाळीच्या आधी बाबांनी गोल बाजारातून छुही आणली. छुही म्हणजे भिंती पोतायची पांढरी माती. आई दरवर्षी तिने तुळशीचं वृंदावन पोतते. या वर्षी वृंदावन पोतून झालं तरी छुहीचा डबा स्वयंपाकघरातून हलेना. आत्याने एकदा आईला डब्यावर वाकून वास घेताना पाहिलं.

"काहून वं वहिनी, ह्या वयात डोहाळे लागले का काय? सांगू का दादाले?"

"सांग ना. पाळणाही तूच आण," आई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. आई ओट्याला टेकून उभी होती, ओठ पांढरे.

"काय खाऊन राहिली तू?"

"काही नाही वं."

"तोंड उघड."

तिने लहान मुलीसारखं तोंड उघडलं. जिभेवर माती होती.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. डब्यातली तं आता आली. त्याच्या आधी मागच्या भिंतीची खरवडत होतो." ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "मनच ऐकत नाही वं. वास आला का हात तिकडेच जाते. तुह्या आत्याले सांगू नको."

तिचं पोट आता केळ्याएवढंच उरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवलं. त्यात ही माती कुठे साचत असेल, काही फाटलं तर? दवाखान्यात फोन करायला मी तो कागद शोधला, नंबर शेवटच्या पानावर होता. पण नंबराच्या वरच्या दोन ओळींवरच नजर अडकली. ॲसिडिटीची गोळी तीन महिने. त्याखालच्या ओळीत लोहाच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि त्यांच्यापुढे एकच शब्द : आयुष्यभर. मी वरच्या ओळीतले तीन महिने दोन्हींना लावले होते.

मी कागदाची घडी घातली. फोन केला नाही. दोन दिवस कोणाला सांगितलंही नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते. गोळ्या गुपचूप पुन्हा सुरू केल्या की सगळं ठीक होईल, असं मी स्वतःला समजावत होते. आई पायऱ्या चढायला लागली की मी वर उभी राहून तिचा श्वास ऐकायची. दर चार पायऱ्यांनी ती थांबायची. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालता घालता ती खालीच बसली. ओला टॉवेल तिच्या मांडीवर पडला होता आणि तिला तो उचलता येत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "गोलियाँ चल रही हैं ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मैंने ही छोड़ दी, साहब. जी मिचलाता था."

बाबा तिच्यावर ओरडायला लागले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"मी बंद केल्या," मी म्हणाले. "कागद मी चुकीचा वाचला. आणि ती माती खाते, डॉक्टर."

डॉक्टर रागावले नाहीत, त्याने जास्तच भीती वाटली. रक्तात लोह फार कमी झालं की असं मातीचं, बर्फाचं वेड लागतं, मातीमुळे उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. रक्त तपासलं आणि शिरेतून लोह द्यायला सुरुवात केली. आई डोळे मिटून पडली. तिची नखं मी पहिल्यांदाच नीट पाहिली, कागदासारखी पांढरी होती.

संध्याकाळी नवीन कागद मिळाला. बाबांनी नेहमीसारखा तो माझ्यापुढे धरला. "वाच, काय लिहिलं?"

आई डोळे उघडून माझ्याकडेच बघत होती.

"मले सगळं नाही समजत, बाबा," मी म्हणाले. "तेव्हाही नव्हतं समजलं."

बाबांनी कागद खाली घेतला नाही, पुढेही केला नाही. मग मीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि नर्सच्या टेबलाशी गेले. "दीदी, एक-एक लाइन समझा दीजिए, मैं लिख लेती हूँ." ती सांगत गेली आणि मी कागदाच्या मागे मराठीत लिहीत गेले. 'आयुष्यभर' हा शब्द मी दोनदा लिहिला.