हळू बोला, झोपल्या आहेत

"उठा बाप्पा, नळ आला!" स्टीलच्या ताटलीवर चमचा बडवत काकू गल्लीतून निघाल्या की नागपूर रस्त्यावरच्या शहापूरच्या आमच्या गल्लीत सकाळ व्हायची. कोणी कुरकुरलं तर दारातूनच ऐकवायच्या, "झोप उद्याबी येते. पाणी थांबते का?"

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. पण आमच्या काकूंनी ताटली एकदा मुद्दाम बंद ठेवली होती.

त्यांना कॅन्सर झाला. नागपूरला किमो सुरू झाली आणि केस गेले. काकू रडल्या नाहीत. पण लेकीचं लग्न ठरलं होतं. "बिना गजऱ्याची मांडवात उभी राहू का मी?" एवढंच त्यांना खात होतं.

मी आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. ऐटीत जाऊन समजावलं. किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सरच्या तशा, केस वाढवणाऱ्याही तशाच. पण केसाच्या मुळाशी मूळपेशी असतात. त्यातल्या बऱ्याच झोपलेल्या असतात, म्हणून वाचतात. औषध थांबलं की जाग्या होतात आणि केस पुन्हा येतात.

काकूंनी डोक्यावरून हलकेच हात फिरवला. "अन् कॅन्सरवाली एखादी झोपून राहिली त?"

नेमकं पकडलं त्यांनी. "राहू शकते काकू. म्हणून तर नंतरही तपासायला जावं लागते."

"जाईन ना. पण आधी माह्या केसावाल्या झोपू दे."

दुसऱ्या दिवसापासून ताटली बंद! कोणी जोरात बोललं की ओठांवर बोट, "हळू बोल ना वं, झोपल्या हायेत." नळ येऊन जायचा आणि आम्ही हसत हसत बोअरवर रांग लावायचो.

शेवटची किमो झाली आणि ताटली पुन्हा वाजली. स्वतःच्याच डोक्याजवळ. "उठा वं पोरीहो, लग्न हाये!"

लग्नापर्यंत बोटाच्या पेराएवढे केस आले, तेही कुरळे. जन्मभर सरळ केसांची बाई! "ह्या कोणाच्या उठल्या माय?" गजरा सारखा घसरायचा. शेवटी दोऱ्यानं डोक्याभोवती बांधला आणि मांडवभर मिरवल्या.

आता त्या लेकीकडे, लाखांदूरला. गल्लीत ताटली मी वाजवते, पण तसा आवाज निघत नाही.

परवा तपासणीला गेलेल्या काकूंचा नागपूरहून फोन आला. "रिपोर्ट साफ हाये! लाखांदूरची गाडी शहापूरले थांबते, स्टँडवर ये. गजरा आण."

एसटी आली. काकू खिडकीशी, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. गजांतून हात घालून त्या दाट कुरळ्या केसांत मी गजरा खोवला. घसरला नाही.

"उठवू का बाईले?" कंडक्टरनं विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं.