राखाडी खोलीतल्या नारंगी शाली

रंगाच्या शास्त्रज्ञांचा मेळावा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यापुढे काय आलं असन, ते मले माहीत आहे. भिंतीवर इंद्रधनुष्य, टेबलावर गुलालाचे ढीग, भडक कपड्यातली मंडळी, अन् कोपऱ्यात कोणी पिचकारी घेऊन उभा. पुसून टाका सगळं. आमच्या कॉलेजात दोन दिवस जो मेळावा झाला, त्याची मेन खोली होती राखाडी. भिंती राखाडी, पडदे राखाडी, टेबल राखाडी, स्टूलसुद्धा राखाडी. आईले व्हिडिओ कॉलवर ती खोली दाखवली, तर ती तिकडून गावाहून, कुहीहून म्हणते, "काहून रे, रंग संपला का तुमच्याकडचा?"

"आई, रंग नीट पाहाचा असन तर आजूबाजूले दुसरा रंग नाही पाहिजे."

"मंग नीट जेवाचं असन तर आजूबाजूले भांडे नाही पाहिजे का?"

आमच्या घरी मीच एकटा जोकर आहे असं कोणाले वाटू नये म्हणून सांगतलं.

तर मी या कॉलेजात पीएचडीच्या पहिल्या वर्षाले. माझ्या पुढे आमची ताई. सख्खी नाही, लॅबमधली सीनियर, पण सख्खी रागावणार नाही इतकी रागावते. अन् आमच्या दोघांच्या वर आमचे सर. सरांची कित्येक वर्षांची हौस होती, की रंगावर पोट भरणारे सगळ्या धंद्यांचे लोक एकदा नागपुरात एका छपराखाली बसवाचे. प्रकाश मोजणारे, चित्र काढणारे, डोळे तपासणारे. यंदा जानेवारीत ते जमलं. सर इतके खुश, की मांडववाल्याशीही रंगावर चर्चा करून राहिले होते.

ताईसाठी मात्र ही हौसेची गोष्ट नव्हती. तिच्या थीसिसचा एक अख्खा धडा या दोन दिवसांवर टांगला होता. प्रश्न साधा होता. ज्या लोकांचा जन्म रंगात गेला, ते पांढरा कशाले म्हणतात? तिच्याजवळ हातमागाच्या सुती कापडाचे तुकडे होते. एका टोकाले पिवळसर, दुसऱ्या टोकाले निळसर, मधात सगळे पांढऱ्यासारखेच. राखाडी खोलीत एक पेटी, पेटीत ठरलेला दिवा. माणसानं वाकून पाहाचं अन् एक तुकडा उचलून सांगाचं, "हा पांढरा." बस. पोरापोरींचं पाहून झालं होतं, सगळ्यांनी मधलेच तुकडे उचलले होते. आता मोठे लोक राहिले होते, अन् त्यातले बहुतेक दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाड्यांनी जाणार होते. पुन्हा ते एकत्र कधी येतीन, त्यांच्याच पत्रिकेत लिहिलं असन तर असन.

पहिल्या दिवशी सकाळी नाश्त्यालेच मले माझा माल भेटला. मी नकला करतो. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती, तेव्हापासून ही सवय आहे. तर्री-पोह्याच्या टेबलापाशी पुण्याचे प्रकाशवाले प्राध्यापक, कोल्हापूरच्या चित्रकार काकू अन् आपले नागपूरचेच डोळ्याचे डॉक्टर काका उभे होते.

"हा लाल नव्हे," पुण्याचे सर तर्रीच्या तिखट रश्शाची वाटी उजेडाकडे धरून म्हणाले. "मोजल्याशिवाय मी याला लाल म्हणणार नाही."

"मोजताय कशाला ओ?" काकू म्हणाल्या. "ह्यो लाल बघितल्यावर कानातनं धूर आला पायजे. आला न्हवं? मग झालं की."

डॉक्टर काका पोहे खाता खाता म्हणे, "तुम्ही दोघं भांडत राहा बाप्पा. मले तर डायरेक्ट अॅसिडिटी दिसून राहिली याच्यात."

मी तिथं उभ्या उभ्या तिघांचे आवाज खिशात टाकले.

मंग उद्घाटन झालं. आता पाहुणे आले म्हणजे शाल-श्रीफळ आलंच. पण आमच्या सरांनी शाली स्वतः इतवारीच्या बाजारात जाऊन, दुकानदाराले बेजार करून आणल्या होत्या. संत्र्यांच्या गावातून पाहुणा जाईन तर संत्र्याच्या रंगाची शाल घेऊनच जाईन, असं त्यांचं म्हणणं. संत्रं शरमेनं हिरवं होईन, इतक्या नारंगी होत्या त्या. एकेकाच्या खांद्यावर सर अशा प्रेमानं घालत होते, की मुलाले आंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून राहिले जसे.

थंडी तर होतीच. राखाडी खोलीच्या दाराशी ताईनं राखाडी अॅप्रन टांगून ठेवले होते, अंगावरच्या कपड्यांचा रंग तुकड्यांवर पडू नये म्हणून. पाहुण्यांनी शहाण्यासारखे अॅप्रन घातले. अन् त्याच्यावरून शाल पुन्हा गुंडाळून घेतली.

खोलीत सगळे रंगाचे जाणकार. ताई जाणकार, पाहुणे जाणकार, मीही थोडा. एकाच्याही ध्यानात आलं नाही. काहून, की शाल हा रंग नसते ना, मान असते. मान कोणी पेटीपुढे उतरवते का?

दुपारी ताई बाहेर आली, तर तिचं तोंड त्या भिंतीसारखं झालं होतं.

"अख्खा धडा गेला रे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"सगळेच्या सगळे निळसर तुकड्याले पांढरा म्हणून राहिले. पुण्याचे सर, काकू, डॉक्टर काका, सगळे. असं होत नाही."

"दिवा बिघडला असन."

"दोनदा मोजला. दिवा बरोबर आहे. उद्या दुपारी निघून जातीन सगळे. अन् मी काय लिहू? मोठ्या लोकांचे डोळे निळे?"

तिनं डबासुद्धा नाही उघडला. मी तिले हसवाले पुण्याच्या सरांच्या आवाजात म्हटलं, "मोजल्याशिवाय मी याला भूक म्हणणार नाही." ती हसली नाही. तेव्हा मले कळलं, की मामला खरंच खराब आहे.

संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम होता. सरांनी मले नकला कराले सांगतलं होतं, अन् जपून करजो असंही सांगतलं होतं. मी तालमीसाठी जागा शोधत राखाडी खोलीत शिरलो. एक शाल उरली होती, ती पुण्याच्या सरांसारखी गळ्याभोवती घेतली, पेटीचा दिवा लावला अन् त्यांच्यासारखी मान वाकवून पेटीत पाहिलं. एक तुकडा माझ्या ध्यानात होता, सकाळीच ताईसोबत मांडला होता, पांढराफेक. आता तो पिकल्या पपईचं पाणी लागल्यासारखा दिसून राहिला होता. मी शाल काढली. पांढरा. घातली. पपई. पुन्हा काढली. बाप्पा रे!

शालीचा उजेड तुकड्यांवर पडत होता. सगळंच थोडं नारंगी झालं, तर माणूस पांढऱ्यासाठी निळ्याकडे सरकणारच. अन् ताईनं दिवा मोजला तेव्हा पेटीपुढे शाल घेतलेलं कोणी नव्हतंच.

मी ताईले सांगाले पळालो. ती हॉलमधी मागच्या रांगेत बसली होती. तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं, टाळ्याही सुरू झाल्या. आता टाळ्या ऐकल्यावर माझ्या पायाचं काही खरं राहत नाही. ते स्टेजकडेच वळले.

टेबल-दिवा लावला, पुढे पांढरा रुमाल टाकला, अन् शाल घेऊन वाकलो. पुण्याचे सर झालो. "मोजल्याशिवाय मी याला पांढरा म्हणणार नाही. मोजला. निळाच पांढरा आहे." हॉल हसला. काकू झालो. "ह्यो कसला पांढरा ओ, ह्याला जरा थंडी वाजून निळा पडू द्या." काकू स्वतःच खुर्चीवरून पडाच्या बाकी होत्या. डॉक्टर काका झालो. "मले तर सगळ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू दिसून राहिला, बाप्पा. उद्या लाइनीत या." मंग मी शाल काढली, रुमालाकडे पाहिलं, शाल घातली, पुन्हा पाहिलं, अन् माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "अरे, हा तर सत्कार दिसून राहिला याच्यावर!"

अर्धा हॉल हसत होता. उरलेला अर्धा आपापल्या खांद्याकडे पाहून राहिला होता. पुण्याच्या सरांनी पहिले पाहिलं. शालीचं टोक त्यांनी कार्यक्रमाच्या छापील कागदाच्या कोऱ्या बाजूवर धरलं, उचललं, पुन्हा धरलं, अन् कपाळावर हात मारला. "अहो, आपण सगळेच!"

माझी नजर मात्र आमच्या सरांवर गेली. पहिल्या रांगेत होते. उद्घाटनात त्यांनाही एक शाल घातली होती. ती त्यांनी हळूच काढली, घडी केली, मांडीवर ठेवली अन् तिच्यावरून हात फिरवत राहिले. माझं हसू तिथंच बसलं. ताईची खुर्ची खाली होती. ती कधीच खोलीकडे पळाली होती.

सकाळी मी भीत भीत पोहोचलो, तर राखाडी खोलीच्या दारात सर स्वतः उभे. पाहुणे लाइनीत. सर एकेकाची शाल आपल्या हातानं उतरवत, घडी करून दंडावर ठेवत, पाहुणा आत जाऊन तुकडा निवडून आला की तीच शाल पुन्हा नीट खांद्यावर घालत अन् नमस्कार करत. डॉक्टर काका म्हणे, "सर, एका मेळाव्यात दोन सत्कार? नारळ तर पुन्हा नाही ना देत? बॅग फाटन गा माझी." सर हसले. मले लय बरं वाटलं.

या वेळेस सगळ्यांचे तुकडे मधातले निघाले, अन् तरी एकमेकांपासून थोडे थोडे दूर. काकूंचा पांढरा पुण्याच्या सरांपेक्षा जरासा दुधाळ, डॉक्टर काकांचा जरासा थंड. ताईले हेच तर पाहिजे होतं.

शेवटचा पाहुणा गेल्यावर सरांनी मले बोलावलं. मले वाटलं, आता मेलो. त्यांनी ती उरलेली शाल माझ्याच खांद्यावर घातली. मंग ओढून सरळ केली. मी आपला छाती फुगवून तसाच खोलीत शिरलो, ताईले दाखवाले. ती पेटीपुढे वाकून एकेक तुकडा जागेवर लावत होती.

"ताई, पाह्य."

तिनं मान वर केली, अन् सुरू झाली.

"ये, तुलेच शोधून राहिली होती. तुले पहिले मले येऊन सांगता येत नव्हतं? प्रयोग माझा, धडा माझा, अन् मले कळते कुठून, तर मागच्या रांगेतून, टाळ्या वाजवता वाजवता! सर त्या शालींसाठी इतवारी पालथी घालून आले होते. त्यांचं तोंड पाहिलं का तू? पाहिलं? मंग? अन् कालचे सगळे आकडे मी काढून टाकले, त्याचं कारण काय लिहू थीसिसमधी? सत्कार? परीक्षक विचारन तेव्हा तू येशीन का पुण्याच्या आवाजात उत्तर द्याले? दात नोको काढू. अन् किती वेळचा पेटीले चिकटून उभा आहेस? तुकडे पाह्य माझे, पुन्हा पपई झाले! पहिले ती शाल काढ!"