शनिवारची सूचना

आमच्या कॉलेजच्या छोट्या सामुदायिक रेडिओवर मी नाशिकमधल्या संस्थांच्या सूचना वाचायचे. रक्तदान, डोळेतपासणी, बचत गटांचं प्रदर्शन, असलंच सगळं. सातपूरच्या एका कारखान्यातला कामगार दर गुरुवारी हातानं लिहिलेला कागद घेऊन यायचा. मजकूर ठरलेला: दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, समाजमंदिरामागची खोली. "तेच तर असतं, दर वेळी कशाला लिहिता?" असं विचारलं की तो नुसता हसायचा. अक्षर मात्र कोरल्यासारखं. चपला दाराबाहेर काढून, कागद दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि मी वाचून मान हलवेपर्यंत तसाच उभा राहायचा.

एका आठवड्यात सूचना फार झाल्या. त्याच्या बैठकीला कुणी फिरकत नाही असं ऐकलं होतं, म्हणून मी त्याचीच गाळली.

पुढच्या गुरुवारी तो आला. चिडलेला नव्हता. पण कागदावरच्या ओळी घसरत खाली गेल्या होत्या.

"कुणी येत नाय, मला म्हाईत हाय ताई," तो म्हणाला. "पण रेडिओवर सांगितलं की मला खोली उघडावी लागते. खोली उघडायची म्हणजे त्या दिवशी पिता येत नाय. गेल्या शनिवारी उघडली नाय."

त्यानंतर तो कधी आला नाही. मी त्याची सूचना सगळ्यात आधी वाचत राहिले, रेडिओचं काम सोडेपर्यंत. ती खोली कुणी उघडतं का, हे बघायला मात्र एकदाही गेले नाही.