खंजिराचं टोक खाली

किस्से आपोआप साठत जातात. सांगावेसे वाटतात ते माणूस गेल्यावर. आमच्या अमेरिकेतल्या, बॉथेल गावातल्या सिलाटच्या क्लासचं तसंच झालं. सिलाट म्हणजे इंडोनेशियाची युद्धकला. शिकवायचे जावाचे हार्योनो काका आणि शिकायला आम्ही चार-दोन मराठी आयटीवाले!

काकांना कॅन्सर होता, हे त्यांनीच सांगून टाकलं होतं. जायच्या आधी निदान एका विद्यार्थ्याच्या जॅकेटवर संस्थेचं चिन्ह स्वतःच्या हाताने शिवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. चौकोनी कापडावर काळं कडं, आत मोगऱ्याची कळी आणि टोक खाली असलेला नागमोडी खंजीर. पण ते मिळवायला त्याचा अर्थ सांगावा लागे. पाठ केलेला नव्हे, स्वतःला उमगलेला.

*

पुण्याचे जोशी पहिल्याच दिवशी म्हणाले, "काका, हे सगळं मूळचं आपलंच! नागमोडी म्हणजे कुंडलिनी!"

"छान," काका म्हणाले. "आता एका पायावर उभे राहा."

कुंडलिनीसकट जोशी धपकन आडवे!

*

माझ्या मुलीने एकदा काकांना विचारलं, "व्हाय इज द नाइफ अपसाइड डाउन?"

"वर धरला तर दुसऱ्याला लागेल."

"अँड डाउन?"

"तुझ्याच पायावर पडेल. म्हणून तू जपून धरशील."

घरी आल्यावर तिने मला भाजी चिरताना पाहिलं आणि चांगलंच फैलावर घेतलं.

*

काकांची सगळी भिस्त नागपूरच्या मिलिंदवर. हा पठ्ठ्या परीक्षेला लॅपटॉप घेऊन आला! चिन्हावर ढीगभर स्लाइड्स. कळी म्हणजे नम्रता, कडं म्हणजे संयम आणि शेवटी "एनी क्वेश्चन्स?"

काकांनी टाळ्या वाजवल्या. "फार सुंदर. नापास!"

आम्ही पोट धरून हसलो. पण काका भिंतीचा आधार घेत खाली बसले, तेव्हा एकेकाचं हसू विरलं. त्यांच्याकडे फार वेळ उरला नव्हता.

*

त्याच हिवाळ्यात मिलिंदचे वडील गेले. व्हिसाचे कागद अडकलेले, त्यामुळे नागपूरला जाता आलं नाही. शनिवारी तो क्लासला आला. कुणी काही विचारलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "काका, ती कळी उमललेली का नाही, ते आज कळलं. बाबांशी बोलायचं राहूनच गेलं हो."

काका काकूंना म्हणाले, "सुई आण."

सुईत दोरा काकूंनी ओवून दिला. तीन बाजू शिवून झाल्या आणि काका दमले. "उरलेलं पुढच्या शनिवारी," म्हणाले.

पुढचा शनिवार त्यांनी पाहिला नाही. काकू म्हणाल्या, "दे, मी शिवून देते." मिलिंदने जॅकेट दिलं नाही.

*

आता क्लास मिलिंद घेतो. परवा एका नव्या पोरीला त्याने चिन्ह दाखवलं. कळी, कडं, खंजीर, सगळं तिने मन लावून पाहिलं.

"सर, आणि हा कोपरा सुटलाय, त्याचा अर्थ काय?"

मिलिंदने जॅकेटवरून हात फिरवला.

"चला," तो म्हणाला, "वॉर्म-अप सुरू करा."