हात न टेकता उठणारी मावळण

ये गं मनू, अशी जवळ येऊन बस. तिकडं दारापाशी पाव्हणीसारखी काय टेकलीस. मघाशी उठताना कॉटची कड धरून उठलीस, ते पाहिलं मी. वय काय तुझं, आणि आत्तापासून गुडघे वाजतात. पुण्याहून केडगावला येईस्तोवर घोटभर पाणी पीत नाहीस, का तर स्टँडवरच्या संडास-मोऱ्या घाण असतात. ऑफिसातही तेच, म्हणालीस. तू हसत सांगितलंस, पण मला काही हसू आलं नाही. का ते सांगते, पण त्यासाठी आधी तुला आमची मावळण कळायला हवी.

आमच्या पाथर्डीकडं आत्याला मावळण म्हणतात. ही माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे तुझ्या आजोबांची मावळण. ते म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा ती साठीला आली होती. पहिल्याच दिवशी माझ्या नजरेत भरलं ते तिचं उठणं. मांडी घालून बसलेली मावळण जमिनीला हात न लावता उठायची. पायांची अढी तशीच, अंग जरासं पुढं, की उभी. हातात पिठाची परात असली तर परातीसकट. मी धडधाकट पोर, पण मला ते जमायचं नाही. ती मला रोज उठबस करायला लावायची आणि मी कलंडले की पदर तोंडाला लावून हसायची.

एकदा मी विचारलं, हे कशासाठी. तर म्हणाली, "तुला उद्या हात द्याला सून यील. मला कोन यील? माझं मलाच उठायचं हाय." मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती. घरात कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशी वावरायची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिच्यापेक्षा धाकटे, पण त्यांचा शब्द ती खाली पडू द्यायची नाही. भाकरी त्यांची होती ना. तिनं स्वतःचं असं काय जपलं, तर एक शरीर.

आणि ते तिनं जपलंही कसं, बघ. पाण्याची घागर एका खेपेला एका कडेवर, तर पुढच्या खेपेला दुसऱ्या. "एकाच बैलाला किती वढशील? दुसराबी हाय की," म्हणायची. ओझं उचलायचं तर आधी खाली बसायचं, मग उठायचं, कमरेतून वाकायचं नाही. रात्री निजायच्या आधी तळपायांना तेलाचं बोट. आमच्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासूबाई, आणि टोपलीच्या तळाला जे राहील ते सुनेचं. त्या रीतीवर मावळण काही बोलायची नाही. पण चुलीपुढं बसली की पहिली भाकरी मोडून कारळाच्या चटणीसकट माझ्या हातात द्यायची आणि सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणायची, "भाजलीया का बघ गं नीट." रोज एक अख्खी भाकरी नुसती भाजलीय का बघण्यात जायची. सासूबाईंना कळत का नव्हतं, पण बोलायचं काय, हे त्यांना सुचत नसावं.

मग तो बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडं पावसाची ओढ नवी नाही, पण त्या वर्षी माळावर हिरवं पान राहिलं नाही. सरकारनं दुष्काळी काम काढलं, रस्त्यासाठी खडी फोडायचं. घरंच्या घरं तिथं जायची. मामंजी पाट्या टाकायचे, तुझे आजोबा खडीच्या ट्रकवर भराईला. मी बायकांच्या ओळीत हातोडी घेऊन बसायचे. तुझी आई तेव्हा पोटात होती माझ्या, पाचवा महिना. मावळणीला थोरपणामुळं पाणी पाजायचं काम मिळालं. कमरेवर कळशी, हातात तांब्या, अशी ती ओळीतून फिरायची.

आता ऐक. एरवी रानात काम असलं म्हणजे बाईमाणसाला आडोसा असतो. ज्वारी उभी असते, तूर असते, ओढ्याला घाणेरीची जाळी असते. त्या वर्षी यातलं काहीच नव्हतं. बाभळीसुद्धा शेरडांसाठी ओरबाडून नागड्या केलेल्या. नजर जाईल तिथवर सपाट माळ आणि त्यावर गावोगावचे बाप्ये. मग आम्ही बायका काय करायचो? पहाटे अंधारात जाऊन यायचं, ते पुन्हा दिवस मावळल्यावर. मधे कळ काढायची. आणि कळ काढता यावी म्हणून पाणीच प्यायचं नाही. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं हे, सगळ्याच करत होतो. मावळणीनं तांब्या पुढं केला की नुसते ओठ ओले करायचे आणि मान हलवायची. डोक्यावर चैत्राचं ऊन.

काही दिवसांनी मला जळजळ सुरू झाली. मग कंबर धरली, उजव्या कुशीत सुई टोचावी तसं व्हायला लागलं. सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज, सासूबाईंना सांगायची भीती. त्यात एका दुपारी भर उन्हात मला थंडी वाजली. दातावर दात वाजायला लागले, हातोडी धरवेना. उठायला गेले, तर दोन्ही हात जमिनीला टेकले.

मावळणीनं नेमकं तेच पाहिलं. कळशी खाली ठेवून ती माझ्याजवळ बसली.

"कुठं दुखतंय?"

"कुठं नाही."

"सकाळपासनं मोकळी झालीस का?"

मी खाली बघितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग हळूच म्हणाली, "खालच्या वस्तीवरची ती घारी पोर आठवती? तिला असंच झालं हुतं. थंडी वाजून ताप. आधी पोटातलं पोर गेलं, मागनं ती गेली. समदी म्हनली, बाहेरचं झालं. कसलं बाहेरचं? पोरगी पानी पीत नव्हती." एवढं बोलून ती उठली, अर्थात हात न टेकता, आणि कळशी कमरेवर घेऊन पुढं गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं धान्याची रिकामी पोती काढली, उसवली आणि ओसरीवर दाभण घेऊन जोडायला बसली. मामंजी हातपाय धुऊन आले.

"आक्का, काय चाललंय?"

"पडदा. कामावर लावायचा हाय, बायकांसाटी."

मामंजींना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा बदलला. "येडी का खुळी तू? आपल्या घरच्या बाया कुठं जात्यात, त्ये साऱ्या गावाला दावनार व्हय?"

"गावाला काय वाटतं, बाया जातच न्हाईत?"

"मला श्यानपन शिकवू नगंस. आजवर कुनी बांधला का असला पडदा?"

"आजवर ज्वारी हुती, आबा."

 मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, "ह्ये जर तू उद्या लावलंस, तर माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगंस. सांगून ठिवतो." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी चुलीपाशी बसून मावळणीकडं बघत होते. या वयात ती जाणार कुठं? मला वाटलं, आता पोती बाजूला ठेवील. तिनं सुतळी दातानं तोडली आणि दाभणात पुन्हा ओवली.

दुसऱ्या दिवशी खडीच्या ढिगाआड बाभळीच्या मेढी ठोकून तिनं पडदा उभा केला. मुकादमानं विचारलं, हे काय. "वाऱ्याला आडुसा," ती म्हणाली. बाप्यांच्या ओळीतून कुणी बोललं, "फड आला वाटतं गावात. तिकीट कुठं काढायचं?" हशा झाला. मामंजींनी तिकडं पाठ केली आणि रिकामी पाटी उगाच झटकत राहिले.

आणि गंमत अशी की पडद्याकडं कुणी बाई फिरकेना. पडदा होता म्हणूनच तर फिरकेना. अंधारात गेलं तर कुणाला दिसत नाही. इथं साऱ्यांच्या देखत उठायचं, चालायचं, म्हणजे कुठं चाललीस ते सांगतच चालायचं. ऊन डोक्यावर आलं तरी पोती वाऱ्यावर फडफडत होती. माझ्या अंगात कापरं भरलं होतं, कुशीतली सुई आता सळई झाली होती.

मावळण तांब्या घेऊन आली. "पी."

मी प्याले. तिनं परत भरला. "पी." तोही प्याले. मग म्हणाली, "चल, ऊठ."

"मामंजी बघतायत."

"बघू दे. नातवंड पायजे का अब्रू, त्येचं त्यो ठरवंल."

मी उठले. चार पावलं गेले आणि मागच्या सगळ्या हातोड्या थांबल्या. एवढा मोठा माळ, एवढी माणसं, आणि माझ्या पायाखाली खडी वाजत होती, तेवढीच ऐकू येत होती. मला वाटलं, परत फिरावं. तेवढ्यात मागून मावळणीचा आवाज आला, खणखणीत, "का गं, हातुड्या का थांबल्या? कुनाची वरात चाललीया व्हय?"

आधी एक हातोडी वाजली. मग दुसरी. मग सगळी ओळ अशी तुटून पडली दगडांवर, की बाप्यांनी काही म्हटलंही असेल, तर ते मला ऐकू आलं नाही. त्या आवाजाच्या आड मी पडद्यामागं गेले.

मी परत आले तेव्हा माझ्या शेजारची उठली होती. मग तिच्या पलीकडची. मावळणीची कळशी त्या दिवशी दुपारीच रिकामी झाली, पुन्हा टँकरवर जावं लागलं तिला.

पण माझा ताप काही त्यानं उतरणार नव्हता, आणि मामंजीही शब्द फिरवणारे नव्हते. संध्याकाळी मला कशीबशी घरात आणून निजवली. मावळण मागून येत होती. मामंजी दारात उभे. एक पाय आत, एक बाहेर, अन् हात चौकटीला.  सासूबाईसुद्धा आत दिवा हातात घेऊन तशाच उभ्या.

मावळण म्हणाली, "जाते मी, आबा. भांडत न्हाई. पन तुझा शबूद तू राखलास, तसा माझाबी एक राख. हिला उद्याच्या ट्रकमधनं तालुक्याला ने. झाडपाला नगं, अंगारा नगं. दवाखाना."

मामंजींचा हात चौकटीवरून हलेना.

"हो म्हन. मग जाते."

ते "व्हय" म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले. ती आत आली ती फक्त माझ्यापर्यंत. उशाशी बसून तिनं मला तांब्याभर पाणी पाजलं, माझा पदर नीट केला. म्हणाली, "हिकडं बघ. कशी उठती ते बघून ठिव." आणि उठली. हात न टेकता. कपड्यांचं गाठोडं घेतलं आणि एस्टीच्या थांब्याकडं चालू लागली. पाठ ताठ होती. मला दारातून तेवढी पाठच दिसली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, पाणी पी म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोघींचं कठीण होतं, असंही म्हणाले. मामंजी तिथं बाकावर बसून हे ऐकत होते. त्या दिवसापासून मी जेवल्याशिवाय ते अंथरुणावर पाठ टेकत नसत. पडदा काम संपेपर्यंत राहिला. वाऱ्यानं फाटला की बायका आपल्या जुन्या लुगड्यांची ठिगळं लावायच्या.

मावळण पुणतांब्याला गेली होती, मावसबहिणीकडं. तुझी आई रांगायला लागल्यावर मी तिला घेऊन तिथं गेले. मामंजींनी माझ्यापाशी नवं लुगडं दिलं होतं आणि सांगितलं होतं, "म्हनावं, घर तुझंच हाय." तिनं लुगडं मांडीवर घेतलं, पोत बोटांनी चाचपलं. "घर माझं हुतंच की. उंबरा त्याचा हुता," म्हणाली. आली नाही. भाजीच्या मळ्यात काम करायची, रोज गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या चढायची, उतरायची. तुझ्या आईला तिनं हात न धरता उभं राहायला लावलं आणि ती बदकन बसली, की तोंडाला पदर लावून हसायची.

मी सुगी आटोपली की दर वर्षी जायचे. शेवटची गेले तेव्हा ती फार थकली होती, घाटाच्या पायरीवर उन्हाला बसली होती. बोलता बोलता ऊन कललं. मी उभी राहिले आणि सवयीनं हात पुढं केला. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, घेतला नाही. पायांची अढी घातली, अंग पुढं झुकवलं. पहिल्या खेपेला जमलं नाही.  दुसऱ्या खेपेला थरथरत का होईना, उठली. आणि उभी राहिल्यावर मग तिनं आपणहून माझा हात धरला. म्हणाली, "उठायला नगं हुता गं. चालायला सोबत पायजे, म्हनून धरला." घरापर्यंत आम्ही तशाच हातात हात घालून गेलो. पुढच्या सुगीच्या आधीच ती गेली.

सत्तरी उलटली माझी, मनू. बघ, उठले की नाही, कशालाही न धरता? तो तांब्या भरलाय, तो आधी रिकामा कर, मग पुण्याची गाडी धर. वाटेत मोरी घाण असली तर नाक दाबून जा, पण पाणी तोडू नकोस. आणि लवकर ये. सणावाराची वाट बघू नकोस, अशीच ये. संध्याकाळी मळ्याच्या रस्त्यानं फिरून यायचं म्हणते मी, उठायला काही अडत नाही, पण चालायला सोबत हवी.