शेवटून तिसरं पान

कुकरची शिट्टी होत होती, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि वन्सं खिडकीपाशी बसून निवांत नखं कापत होत्या. कामाच्या दिवशी, त्या वेळी, वन्सं घरात! रोज आमचे डोळे उघडायच्या आत त्यांच्या चपला दारातून गेलेल्या असतात.

"बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं.

"ठणठणीत आहे. आज जायचं नाही, एवढंच."

पुढे काही विचारणार तोच दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारी माणसं दोनच प्रकारची, घाईतली नाहीतर रागातली. उघडून बघते तर दोन्ही प्रकार उभे. घाईतले होते वन्संच्या छापखान्याचे मालक. त्यांच्या मागे, रागातले, ते रुग्णालयाच्या स्मरणिका समितीचे चिटणीस. रुग्णालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्याची स्मरणिका वन्संच्या हाताखाली होती, एवढं मला ठाऊक होतं.

"ताई आहेत ना घरी?" मालकांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं.

"आहे की," आतून आवाज आला. "वहिनी, चहा टाक. भांडायचं तर चहा पिऊन भांडू."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. खरं तर घर त्यांचं, राहतो आम्ही त्यांच्याकडे. पण गेल्या इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी ते शब्दानं जाणवू दिलेलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शिक्षण सोडून त्या छापखान्यात कागदाच्या घड्या घालायला लागल्या. घड्या घालता घालता पानं लावायला शिकल्या. तेव्हा खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पानं चिकटवायची असत. आता संगणकावर लावतात. चष्मा लागायच्या वयात त्या तेही शिकल्या, आणि कुरकुर न करता.

पानं लावणं म्हणजे काय, ते मला लग्नानंतर त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर शिकवलं होतं. दोन-चार कोरे कागद एकात एक ठेवून दुमडले आणि छोटी वही केली. पानांवर ओळीनं आकडे घालायला सांगितले. मग वही पुन्हा उलगडली. पहिल्या पानाच्या शेजारी शेवटचं! दुसऱ्याच्या शेजारी शेवटून दुसरं! वाचणाऱ्याला पानं एकामागून एक दिसतात, कागदावर मात्र ती भलत्याच शेजारात छापलेली असतात. "पानांचीही लग्नं ठरवून लावलेली असतात," वन्सं म्हणाल्या होत्या, "आणि त्यांनाही कुणी विचारत नाही."

एकदा त्यांच्या आत्यानं भर पाहुण्यांत टोमणा मारला, "पानांची एवढी लग्नं लावलीस, तुझं तेवढं राहिलं की गं." वन्सं हसून म्हणाल्या, "मला एकटीलाच छापा, आत्या. शेजारची बाजू कोरी असली की हवा खेळते." आत्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

तर चहा आला. चिटणीसांनी कपाला हात लावला नाही. पिशवीतून स्मरणिकेचा एक छापील नमुना काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे बघा काय झालंय! अध्यक्षांचं मनोगत 'या मंगल प्रसंगी मला विशेष आनंद होतो की' इथे थांबतं. आणि पुढच्या पानावर थेट जनरेटरची जाहिरात!"

मी पदर तोंडाशी नेला. मालक चहात बघत होते.

"काल ताई उठून गेल्या," ते मला सांगू लागले, "तर म्हटलं, एक पान काढायचं, त्यात काय एवढं. ते शेवटून तिसरं पान मीच काढून टाकलं. जोडीचं तिसरं पान त्याच्याबरोबर गेलं ते ध्यानातच आलं नाही. त्यावर अध्यक्षांचं उरलेलं मनोगत होतं."

"पण तुम्ही उठून का गेलात?" मी वन्संना विचारलं.

"ह्यांना विचार," त्यांनी हनुवटीनं चिटणीसांकडे दाखवलं. "कुणाचं पान काढायचंय ते सांगू देत."

चिटणीसांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, नीट इस्त्री केलेला होता. "एका जुन्या आयाबाईंचा लेख आहे. प्रत्येक विभागातल्या एकानं आठवणी सांगाव्यात असं समितीनंच ठरवलं होतं. आम्हाला वाटलं, डॉक्टर कसे प्रेमळ, वातावरण कसं घरच्यासारखं, असं काहीतरी सांगतील. तर ह्यांनी काय सांगावं? ज्यांना न्यायला कुणी येत नाही अशा मेलेल्यांना अंघोळ कशी घालायच्या, ते! केस विंचरायच्या म्हणे. आनंदाचा प्रसंग, व्यासपीठावर पाहुणे. त्यांनी पान उलटलं आणि हे समोर आलं तर?"

"तर वाचतील," वन्सं म्हणाल्या.

"बाई, निवड करणं समितीचं काम आहे. पानं लावणं तुमचं."

"मान्य. निवड तुमचीच. तुम्हीच निवडलंत, तुम्हीच पाठवलंत, तुम्हीच सही केलीत. मी लावलं. लावलेलं उपटायला मी येत नाही."

मालक पुढे सरकले. "ताई, मी काय करू सांगा. गिऱ्हाईक आहे. त्या जागी नव्या इमारतीचा फोटो टाकू, पानं तेवढीच राहतील, जोड्या मोडणार नाहीत. दोन मिनिटांचं काम."

"दोनही लागत नाहीत. बसा इथे, दाखवते कसं करायचं ते. अवघड काही नाही, तुम्हीच करू शकता. माझ्या हातून होणार नाही."

"मग आम्ही दुसरीकडे नेऊ काम," चिटणीस म्हणाले. "आणि का नेलं ते लोकांना सांगू."

"न्या. सांगा. पत्ता हवा असेल तर चांगल्या छापखान्याचा देते."

मालकांचा चेहरा पडला होता. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे काम कोण देणार, हा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होता. मी वन्संच्या पायाला हळूच पाय लावला. त्यांनी तो बाजूला सारला.

"वहिनी, मला ढोसू नकोस. ऐक. तुम्हीही ऐका, मालक, तुम्ही त्या दिवशी बँकेत गेला होतात." त्यांनी नखांचे तुकडे कागदात गुंडाळले. "त्या बाई आल्या होत्या छापखान्यात. चांगल्यातले कपडे घालून, मुलीचा हात धरून. लिहिता-वाचता येत नाही, सांगितलं ते मुलीनं उतरवून घेतलं होतं. म्हणाल्या, 'माझं कुठं आहे?' मी पडद्यावर दाखवलं. म्हणाल्या, 'वाचा.' मी वाचलं. एका ठिकाणी थांबवलं मला. तिथे 'प्रेत' होतं. म्हणाल्या, 'ते काढा. माणूस घाला. मी माणसांना अंघोळ घातली.' मी बदललं. मग म्हणाल्या, 'आता छापून येणार ना?' मी म्हटलं, येणार. हो म्हटलंय मी."



"असं बघा," चिटणीस जरा उतरल्या आवाजात म्हणाले, "त्यांना कळणारही नाही. वाचता येत नाही म्हणता ना?"

ते बोलून गेले आणि त्यांनाच ते ऐकू आलं असावं. मालकांनी कप खाली ठेवला. "साहेब," ते म्हणाले, "हे नको होतं बोलायला."

वन्सं उठल्या. मला वाटलं, आता आवाज चढणार. घरातल्या भांडणांत त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, भाजीवाला सांगतो दुसऱ्या दिवशी. पण नाही. त्यांनी नमुना उचलला, उलगडला, अध्यक्षांचं अर्धं मनोगत एकदा बघितलं आणि तो चिटणीसांच्या हातात परत दिला.

"आधी अध्यक्षांचं पान जागेवर घालून देते. त्यांची काही चूक नाही, अर्ध्यात तोडलेलं बरं दिसत नाही. वहिनी, माझा डबा भर, जाते मी कामाला."

"आणि ते दुसरं पान?" चिटणीसांनी विचारलं. "नक्की हवंय तरी काय तुम्हाला? पगारवाढ? स्मरणिकेत नाव?"

"नाव घालून काय करू? मला एकच हवंय. ते पान काढायचंच असेल तर आधी त्या आयाबाईंच्या घरी जा. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. त्यांच्यासमोर बसा आणि त्यांना सांगा की तुमचं पान आम्ही काढतोय. सांगून झालं की मला फोन करा. मग मी काढते."